मोरचूद, कळलावी आणि बाटलीतली मण्यार

विज्ञान प्रदर्शनाचा फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फीत कापणारे पाहुणे, पांढरे एप्रन घातलेली मुलं आणि मागे फलकावर 'विष आणि पेशी' अशी लाल अक्षरं. खाली कवटी आणि दोन हाडं हवीतच. कवटी काढायला कुणालाही जमते. विष पेशीत शिरून नेमकं कुठे घाव घालतं, हे मुलांना कळलं की मला प्रकल्प झाल्यासारखा वाटतो. आणि ते बहुतेक वेळा फीत कापण्याच्या आधीच, प्रयोगशाळेच्या बंद दारामागे कळलेलं असतं.

एका वर्षी दोन गट प्राणिपेशीच करून बसले. माघार कुणीच घेईना. एका गटाने आदल्या संध्याकाळी आपल्या थर्माकोलच्या पेशीला चकाकी यावी म्हणून स्प्रेचा रंग मारला. रंगातल्या द्रावकाने रातोरात थर्माकोल खाल्ला आणि सकाळी पेशीला केंद्रकापर्यंत भगदाड! शेजारच्या टेबलावर आनंद लपत नव्हता. नवी पेशी करायला वेळ नव्हता, म्हणून मुलांनी फलकच बदलला : 'द्रावकांचा पेशीपटलावर परिणाम'. परीक्षकांनी विचारलं, ''थर्माकोलचा आणि पटलाचा काय संबंध?'' वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, ''थर्माकोलचा नाही सर, द्रावकाचा आहे. पटल मेदाच्या दुहेरी थराचं असतं आणि अशी द्रावकं मेदही विरघळवतात.'' शेजारच्या अखंड पेशीला 'छान' एवढाच शेरा मिळाला.

कांद्याची गोष्ट याहून माझ्या जवळची. मोरचुदाचा मुळांच्या वाढीवर काय परिणाम होतो, ते एका गटाला पाहायचं होतं. त्यासाठी टोपलीतला जुना, कोंब फुटायला लागलेला कांदा घ्यायचा, बुडाची वाळकी मुळं ब्लेडने हलकेच खरवडायची, कडेला काड्या टोचायच्या आणि बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा पेल्यावर ठेवायचा. एका पेल्यात साधं पाणी, बाकीच्यांत मोरचूद चढत्या प्रमाणात. मग रोज पट्टी लावून मुळं मोजायची. हे सगळं मुलींनी मन लावून केलं होतं. सोमवारी येऊन पाहतात तर सगळ्या पेल्यांत स्वच्छ पाणी. प्रयोगशाळेच्या मामांनी सुट्टीत पाणी बदललं होतं. ''निळं पडलेलं होतं पोरींनो, कांदे नासले असते,'' ते काळजीने म्हणाले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, वही मिटू नका, मोजत राहा. दोन-तीन दिवसांत सर्वांत सौम्य द्रावणातल्या थांबलेल्या मुळांनी पुन्हा वाढ धरली. सर्वांत तीव्र द्रावणातली मात्र तपकिरी, लिबलिबीत झाली ती झालीच. दुखावलेली पेशी कुठपर्यंत परत फिरू शकते, हा प्रश्न मूळ आराखड्यात कुठेच नव्हता. प्रकल्पाचं नाव शेवटी तेच ठरलं. ऋणनिर्देशात पहिलं नाव मामांचं होतं.

कळलावीच्या वेळी मात्र माझ्या पोटात खरोखर गोळा आला. गणपतीच्या सुट्टीत कोकणात गेलेला एक मुलगा तिचा कंद खणून घेऊन आला, तोही जेवणाच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. डबा इतरांच्या डब्यांच्या रांगेत ठेवलेला. मित्राने उघडून विचारलं, ''कोनफळ आहे का रे?'' आणि नखाने साल खरवडायला घेतली. मी डबा ओढून घेतला आणि आधी त्याला साबणाने हात धुवायला पिटाळलं. ही वेल दिसायला देखणी, लाल-पिवळ्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या, म्हणूनच तिला अग्निशिखाही म्हणतात. पण सगळी वेल विषारी आणि कंद तर प्राणघातक. त्यातलं कोल्चिसिन पेशीविभाजनाच्या वेळी तर्कूतंतू तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रं आखडून, जाड होऊन तयार असतात, पण त्यांना दोन टोकांकडे ओढून नेणारं कुणी नसतं. म्हणून जिथे पेशी सतत विभागत असतात, त्या आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेला या विषाचा मोठा फटका बसतो.

कंद आणणाऱ्या मुलाला त्याचा अर्क काढून कांद्याच्या मुळांना द्यायचा होता. मी साफ नाही म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्याला सांगितलं, तुझा प्रयोग 1938 मध्ये होऊन गेलाय. स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हानने कांद्याच्या मुळांना कोल्चिसिन देऊन विभाजन कसं अडतं ते पाहिलं होतं. तेव्हा माणसाची गुणसूत्रं 48 असं पाठ्यपुस्तकं सांगत. पुढे याच लेव्हानच्या प्रयोगशाळेत जावात जन्मलेल्या जो हिन त्जियोने कोल्चिसिनने विभाजन मध्येच थांबवलं, पेशी फुगवून गुणसूत्रं सुटी केली आणि मोजली. ती 46 भरली. 1956 मध्ये दोघांच्या नावाने ते प्रसिद्ध झालं. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ''म्हणजे मॅडम, पुस्तकाची चूक विषाने काढली?'' विषाचा थेंबही न वापरता त्याने फलक उभा केला.

राहिली मण्यार. कपाटात फॉर्मालिनच्या बाटलीत एक साप होता, लेबलावर जुन्या वळणदार अक्षरात 'मण्यार'. ती बाटली आपल्याच टेबलावर हवी म्हणून दोन गटांत इतकं वाजलं की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. हरलेल्या गटातली मुलगी तेवढ्यापुरती चित्र काढायला आली, भिंग लावून बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, ''मॅडम, मण्यारीच्या पाठीवर मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात ना? याचे सगळे सारखेच आहेत.'' मी भिंग घेतलं. रंग विटला होता, पण खवले जसेच्या तसे होते. पट्टेही मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीत ते उलट असतं. इतकी वर्षं प्रत्येक पाहुण्याला घाबरवणारा तो साप बिनविषारी कवड्या निघाला.

जिंकलेल्या गटाचं तोंड एवढंसं झालं. मग मीच दोन्ही गट एकत्र केले. कवड्या आणि मण्यार कसे ओळखायचे ते एका बाजूला, मण्यारीचं विष कुठे बसतं ते दुसऱ्या बाजूला. 1963 मध्ये तैवानमध्ये मण्यारीच्या तिथल्या जातीच्या विषातून बुंगारोटॉक्सिन वेगळं केलं गेलं. चेता जिथे स्नायूला भेटते तिथल्या ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीला ते इतकं घट्ट धरतं की पुढे त्याच्याच मदतीने शास्त्रज्ञांनी तो ग्राही पेशीतून वेगळा काढला. परीक्षक आल्यावर त्यांनी काही विचारायच्या आधी भिंगवाल्या मुलीनेच विचारलं, ''सर, या विषाने छातीचे स्नायू थांबतात, श्वास थांबतो. मग हृदय का चालू राहतं? तोही स्नायूच ना?'' ''हृदयातले ग्राही निराळ्या जातीचे,'' परीक्षक म्हणाले, आणि खुर्ची ओढून, तिचीच वही उघडून आकृती काढायला बसले. पुढच्या टेबलांवरची मुलं ताटकळली, बक्षीस समारंभ लांबला, पण मी काही त्यांना उठवायला गेले नाही.