हुकूमनामा आणि नदीकाठ

आपल्याकडील महाविद्यालयीन पर्यावरणशिक्षणाचा उगम न्यायालयाच्या हुकमात आहे, आणि त्या विषयाच्या पुढील प्रवासाचा बराचसा उलगडा या एका गोष्टीतून होतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा असे फर्मावले. परंतु त्या हुकमाची अंमलबजावणी एक तपभर दप्तरांतून रेंगाळली, डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा ताकीद द्यावी लागली, आणि त्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवीवर्गांत येऊन पोहोचला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. व्यवसायाने शल्यचिकित्सक असलेल्या, पण आयुष्याचा मोठा भाग रानावनांत घालवलेल्या या गृहस्थाच्या हाती ते काम जावे, हे त्या विषयाचे भाग्यच म्हणावे लागेल.

त्या अभ्यासक्रमाची घडण आज पुन्हा वाचताना एक विसंगती मनाला टोचते. एकंदर ५० तासिकांपैकी ४५ वर्गातील विवेचनाला, आणि आठव्या घटकाला, म्हणजे नदी, वन, गवताळ माळ अथवा प्रदूषित स्थळ प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद करण्याला, अवघ्या ५. तरीही १०० गुणांपैकी २५ गुण याच कामासाठी राखलेले. विषयाचे मर्म नदीकाठी आहे हे रचनाकारांनी जाणले होते, असाच मी याचा अर्थ करतो. परंतु वर्गागणिक शेकडो विद्यार्थी, अन्य विषयांतून उसने घेतलेले अध्यापक आणि प्रवासखर्चाची तरतूदच नसलेले अंदाजपत्रक यांच्या कात्रीत सापडून तो घटक कित्येक ठिकाणी प्रकल्पवहीपुरता उरला, आणि ती वहीही एकमेकांची पाहून उतरवली जाऊ लागली.

वरच्या वर्गांची हकीकत निराळी आहे. पर्यावरणशास्त्र हाच मुख्य विषय घेऊन पदवीच्या अखेरच्या वर्षाला अथवा एम.एस्सी.ला आलेला पुण्याचा विद्यार्थी जेव्हा मुठेचे पाणी खडकवासल्याखाली आणि पुन्हा संगमाजवळ बाटल्यांत भरून घेतो, काठावरच त्यात मँगनीज सल्फेट व आयोडाइडचे क्षारीय द्रावण घालून विरघळलेला प्राणवायू बांधून टाकतो, आणि प्रयोगशाळेत थायोसल्फेटच्या थेंबाथेंबाने स्टार्चचा निळा रंग केव्हा लोपतो याकडे डोळे लावून बसतो, तेव्हा शहराने नदीचे काय केले हे त्याला स्वतःच्या हाताने मोजलेल्या आकड्यांतून कळते. निर्मळ पाण्यात २५ अंश तपमानाला प्रत्येक लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. दुसरी बाटली २० अंशांवर पाच दिवस अंधारात ठेवली की जिवाणूंनी त्यातला किती खाल्ला हे कळते, आणि स्नानयोग्य पाण्यासाठी ही जैविक मागणी ३ मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. ज्याने हे एकदा स्वहस्ते केले, त्याच्यापुढे नदीसुधारणेचा कोणताही आराखडा ठेवा, तो प्रथम पाण्याचे आकडे मागेल.

दुसरा मोलाचा विषय पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा. १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना असे मूल्यांकन बंधनकारक झाले, १९९७ मध्ये त्यात जनसुनावणीची भर पडली, आणि २००६ च्या नव्या अधिसूचनेने सारी पद्धत पुन्हा मांडली; त्यामुळे कायदा, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच प्रश्नपत्रिकेत येऊन बसले, आणि या विद्यार्थ्यांना नोकरीचे एक दारही उघडले. कलमे पाठ करण्यापेक्षा एखादा प्रसिद्ध झालेला अहवाल हाती घेऊन त्याच जागी जावे, आणि त्यातील वनस्पतींची यादी समोरच्या टेकडीशी ताडून पाहावी, हाच या विषयाचा खरा अभ्यास, असे माझे ठाम मत आहे.

या रीतीला आपल्याकडे जुना दाखला आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतील देवराया गावोगाव हिंडून नोंदवल्या, आणि पुण्यात १९८२ साली इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन करणारे प्रकाश गोळे यांनी प्रदूषित नदीवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला. न्यायालयाचा हुकूम निघण्याच्या कितीतरी आधीची ही कामे आहेत.

२०२३ मध्ये आयोगाने पदवीस्तरासाठी नवी चौकट आखून चार श्रेयांक नेमून दिले आणि क्षेत्रकार्याचा पुन्हा उल्लेख केला. त्याचे आठव्या घटकासारखे होऊ द्यायचे नसेल, तर विद्यार्थ्यांच्या नोंदींना तपासनीसापलीकडचा वाचक मिळाला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेच्या समितीने लोकांच्या साहाय्याने जैवविविधतेची नोंदवही ठेवायची आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातल्यावर यांतील बऱ्याच नोंदवह्या घाईने पुऱ्या झाल्या. महाविद्यालयाच्या वरच्या वर्गाने आपल्याच तालुक्यातील एक ओढा, एक गायरान, एक देवराई दरवर्षी त्याच महिन्यात पाहावी, आणि त्यांची नोंद नोंदवहीत भर म्हणून समितीच्या दप्तरी रीतसर दाखल व्हावी, एवढी तजवीज विद्यापीठांना एका परिपत्रकाने करता येईल.