मुंबईला जाताच आहात, तर एवढं बघून या



आपल्या हुपरी भागातून मुंबईला जाणारे थोडेथोडके नाहीत. कुणाचं मंत्रालयात काम, कुणाचा पेशंट मोठ्या दवाखान्यात, कुणाची चांदीच्या मालाची वसुली. काम उरकलं की रात्रीच्या गाडीने माणूस परत. मुंबईत काय पाहिलं म्हणून विचारावं, तर "गर्दी पाहिली!" म्हणून आम्ही ऊस विकास विभागाच्या मंडळींनी गळीत हंगाम संपल्यावर काही सभासदांसोबत पायी हिंडून जे पाहिलं, ते इथे देत आहोत. टॅक्सीचा खर्च नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी जिथे उतरवते, तेच पहिलं ठिकाण. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुन्या माणसांचं बोरीबंदर. देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेली. आजच्या इमारतीचं काम १८७८ साली सुरू झालं, ते सुमारे दहा वर्षं चाललं. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. आपण पिशव्या सांभाळत बाहेर पळतो. तसं न करता रस्त्यापलीकडे जाऊन मान वर करावी. दगडात पानं, पक्षी, जनावरांची तोंडं. बरंचसं कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. आमच्यातले पैंजणाचे कारागीर तिथून हलेनात. "दगडाला एवढी घडणावळ दिली कुणी?" हा त्यांचा प्रश्न.

या प्रश्नाचं निम्मं उत्तर पुढे विद्यापीठाच्या आवारात, राजाबाई टॉवरपाशी आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. कापसाचे मोठे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी मनोऱ्यासाठी देणगी दिली आणि आईचं नाव द्यायला लावलं. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव कोसळला, बँका बुडाल्या, खुद्द प्रेमचंद शेठही बुडाले. मनोरा मात्र १८७८ ला पुरा झाला. ऊसदरासाठी दरसाल भांडणाऱ्या माणसाने हा मनोरा जरूर बघावा. त्या तेजीतलं कापूस पिकवणाऱ्याच्या घरी किती पोचलं, ते मनोऱ्यावर कुठे लिहिलेलं नाही.

गेटवे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. ज्या पंचम जॉर्ज बादशहाच्या स्वागतासाठी ही कमान, तो १९११ साली आला तेव्हा कमान झालेलीच नव्हती! ती उघडली १९२४ साली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण तिच्यातूनच चालती झाली. समोर १९६१ पासून शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. घारापुरीच्या लेण्यांना लाँच इथूनच सुटते. तासाभराचा प्रवास, वर पायऱ्या. म्हाताऱ्या माणसांनी बेताने जावं. सोमवारी लेणी बंद.

परतताना हुतात्मा चौक चुकवू नये. १८६४ चं फ्लोरा फाउंटन तिथेच आहे, पण आपल्याला बघायचं ते शेजारचं स्मारक. मशाल धरलेले दोघे, एक शेतकरी, एक कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या चौकात गोळीबार झाला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. बेळगाव, निपाणी, कारवार तिकडेच राहिले. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल अजून नाही. आपल्या शिवारापासून हद्द ती किती लांब? कित्येकांच्या लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आलेल्या. आमच्याबरोबरच्या एक वयस्क मावशी, माहेर निपाणीकडचं, चप्पल काढून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गावचंबी कोण असंल का रं ह्यात?"

तिथून स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. गाडी रात्रीची, वेळ भरपूर मिळतो.