आकाशवाणीची धून आणि बोहेमियाची गिटार

पहाटे रेडिओ लावला की आधी तानपुरा आणि त्यावर व्हायोलिनची ती धून. आठवली ना? शिवरंजनीच्या वळणाची. आकाशवाणीची ही धून बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. जन्म १९०७, गाव कार्लोव्ही व्हारी, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. कॉफमन ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ साली ते मुंबईला आले आणि त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. पुढे १९३७ ते १९४६ कॉफमन मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत होते.

चेंबर म्युझिक म्हणजे काय? खोलीत मावेल एवढं संगीत. तीन-चार वादक, प्रत्येकाचा भाग वेगळा, समोर छडी हलवणारा कोणी नाही. आपल्या खाजगी बैठकीसारखंच, फक्त सगळं आधी लिहून ठेवलेलं.

कॉफमन यांच्या मुलुखात, म्हणजे बोहेमियात, हा शौक जुना. तिथे गावचे शाळामास्तर मुलांना लिहिण्या-वाचण्याबरोबर वाद्यंही शिकवत. वादक भरपूर तयार होत, पण पैसा आणि आश्रयदाते व्हिएन्नात. मग काय, पोटासाठी परमुलूख. बरवा अल बराहात हे कुणाला समजावून सांगायला नको.

असाच एक वात्स्लाव माटिएग्का. जन्म १७७३, गाव खोत्सेन. शिकला कायदा, पण व्हिएन्नात जगला गिटारच्या शिकवण्यांवर आणि चर्चमधल्या संगीतावर. तेव्हाची गिटार लहान, तारा आतड्याच्या, आवाज मऊ. मोठ्या ऑर्केस्ट्रात ती बुडून जायची, म्हणून तिची जागा खोलीतच. १८०७ साली त्याची एक रचना छापली गेली : बासरी, व्हायोला आणि गिटार. १८१४ मध्ये सतरा वर्षांच्या शुबर्टनं ती उतरवून घेतली आणि त्यात चेलोचा भाग घातला.

शुबर्टच्या हातची ही प्रत १९१८ साली सापडली आणि सगळ्यांनी ती त्याचीच रचना मानली. आमच्या आयटीतलाच प्रकार : कोड एकाचा, एक मॉड्यूल दुसऱ्याचं, नाव मात्र दुसऱ्याचंच. १९३१ मध्ये मूळ छापील प्रत हाती लागली, तेव्हा कुठे माटिएग्काचं नाव परत आलं. तोवर त्याला जाऊन शंभर वर्षं झाली होती.

आता ती रचना ऐकू या, चेलोशिवाय, त्यानं लिहिली तशी.