ठेका, जनरेटर आणि मांडवी

पणजीच्या सांता मोनिका जेटीवर संध्याकाळी उभं राहिलं की एकाच वेळी तीन-चार बोटींवरची गाणी कानांवर आदळतात. मांडवी पुलाजवळून सुटायचं, आदिलशाही राजवाड्यावरून नदीच्या मुखाकडे जायचं, पलीकडचा रेइश मागुशचा किल्ला लांबून बघायचा आणि तासाभरात परत यायचं, अशी ही फेरी. कोल्हापूर-सांगली-पुण्याच्या कुटुंबांच्या गोवा सहलीत ती ठरलेलीच. मधूनमधून देखणी, फुगडी आणि पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यो होतो. पण घरी गेल्यावर लोक नक्कल करतात ती माईकवरच्या माणसाची. “आता फक्त मुलं!” “आता फक्त कपल्स!” “आता फक्त लेडीज!”

या वाटणीत करमणूक आहे, तशीच शिस्तही आहे. बोटीवरची नाचायची जागा एखाद्या हॉलच्या कोपऱ्याएवढी. सगळे एकदम उठले तर कोणी कोणाला आवरायचं? पाळीपाळीने उठवलं की गर्दी आपोआप हाताशी राहते.

या नेहमीच्या फेऱ्यांवर साउंड सिस्टीम कायमची बसवलेली असते. खरी कसोटी लागते ती भाड्याच्या बोटीवर हळद, वाढदिवस किंवा कंपनीची पार्टी घेऊन जाणाऱ्या फिरत्या डीजेची. त्याला सगळं सामान स्वतः आणावं लागतं, आणि त्याची पहिली गाठ पडते समुद्राशी. मांडवीचं मुख जवळ असल्याने पणजीत भरती-ओहोटीने पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होते. दुपारी धक्क्याच्या पातळीत असलेली बोट रात्री बरीच खाली गेलेली असते. अठरा इंची सबवूफरचा चाळीसेक किलोचा खोका, त्याखाली अरुंद फळी आणि त्याखाली नदी. हॉलच्या दारापर्यंत टेम्पो नेण्याची सवय असलेला डीजे इथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायला शिकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, बोट सुटली की मागे फिरणं नाही. एक केबल गाडीत राहिली तरी गेली ती गेली. म्हणून केबल दोन, पेनड्राइव्ह दोन, जमलं तर लॅपटॉपही दोन. नदीच्या मध्यावर मोबाइलची रेंज दगा देऊ शकते, त्यामुळे इंटरनेटवरून गाणी वाजवण्याच्या भानगडीत जाणता डीजे पडत नाही. गाणी आधीच उतरवून घेतो. स्पीकरचे उंच स्टँड तो घरी ठेवतो. खोके डेकवरच, खाली रबराची चटई, वरून पट्ट्याने कठड्याला आवळलेले.

डुलणाऱ्या जहाजावर तबकडी वाजवायचे हाल तर जगजाहीर आहेत. १९६४मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर जहाजावरून ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू झालं, तेव्हा समुद्र खवळला की सुई खाच सोडून उड्या मारायची. तिथले निवेदक सुईच्या दांडीवर, म्हणजे टोन-आर्मवर, नाणं ठेवून तिला दाबून धरत. आज लॅपटॉप आणि कंट्रोलर आल्याने सुईचा प्रश्न मिटला. विजेचा मात्र शिल्लक आहे.

बोटीवरचा सगळा कारभार डिझेल जनरेटरच्या जिवावर चालतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेसाठी असा जनरेटर साधारणपणे मिनिटाला १५०० फेरे घेतो. फेरे कमी झाले की हर्ट्झ कमी. आता कल्पना करा, गाणं ऐन रंगात आहे आणि खालच्या केबिनमधल्या एसीचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याचा पंप सुरू झाला. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. इंजिन क्षणभर दबतं, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर जादा डिझेल सोडतो, फेरे पुन्हा वर येतात. या दोन-तीन सेकंदांत दिवे मंदावतात. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून तो तगतो. मिक्सर आणि स्पीकरमधले अॅम्प्लिफायर बंद पडून पुन्हा सुरू होतात. स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि नाचणारे हात हवेत तसेच राहतात.

मग यूपीएस लावायचा. दुकानात मिळणारा स्वस्त यूपीएस लावला की नवीच पंचाईत होते. हर्ट्झ जरा इकडे-तिकडे झाले की तो वीज नासलीय असं समजून बॅटरीवर जातो. असं वारंवार झालं की बॅटरी निम्म्या पार्टीतच रिकामी. इथे ऑनलाइन प्रकारचाच यूपीएस लागतो. तो येणारी वीज आधी डीसी करतो आणि मग स्वतःची स्वच्छ एसी बनवतो. तो महाग आणि जड असतो, म्हणजे फळीवरून न्यायला आणखी एक खोका. शिवाय डीजे स्वतःही निर्दोष नाही. बासचा प्रत्येक ठोका जनरेटरकडून एक घोट मागतो. छोट्या बोटीवर ढोलाच्या ठेक्यावर दिवे लुकलुकताना दिसले, तर ती प्रकाशयोजना नसण्याचीच शक्यता जास्त.

त्यातच अर्थिंग. लॅपटॉपचा चार्जर लावताच स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं आणि चार्जर काढला की थांबतं. वेगवेगळ्या प्लगमधून अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण झाल्याने ही गुणगुण येते. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स टाकला की ती जाते. हा मुठीएवढा डबा ज्याच्या बॅगेत आहे, तो बोटीवर आधी कधीतरी फसलेला आहे असं खुशाल समजावं.

खारी हवा मात्र सावकाश काम करते. जॅक-सॉकेटवर हिरवट थर चढतो, मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, म्हणजे फेडर, सरकवला की खरखरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारणं ही रोजची पूजाच.

उघड्या डेकवर आवाज परतवायला भिंती नसतात. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. नाचणाऱ्यांना तो कमीच वाटतो, म्हणून डीजे वाढवतो. काठावरच्यांना तो कमी वाटत नाही. पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली की ध्वनिलहरी खाली वळतात आणि पाण्यावरून लांबवर जातात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. नदीच्या मधोमध असलो तरी त्यातून सुटका नाही. गाण्यांच्या परवान्याचा घोळ वेगळाच. लग्नसमारंभात वाजवलेल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण ती कुठवर ताणायची यावर वाद आहे. याविषयीचं गोवा सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये रद्द केलं. बोटीवरची हळद लग्नात धरायची की पार्टीत, याचं उत्तर डीजेने द्यावं अशी अपेक्षा करणं जरा जास्तच झालं.

पण सगळ्यात मोठी जोखीम गर्दीच्या वजनाची. कॅसिनोच्या झगमगत्या बोटीजवळून जाताना सगळे मोबाइल काढून एका कठड्याकडे धावतात. सप्टेंबर २००९मध्ये केरळात थेक्कडीच्या तलावात ‘जलकन्यका’ उलटून ४५ जण गेले. मूळची अस्थिर बोट, जादा प्रवासी आणि काठावरची जनावरं बघायला एका बाजूला झुकलेली गर्दी, हे सगळं एकत्र आलं होतं. अशा वेळी लोकांना पुन्हा मधे खेचण्याची सगळ्यात जास्त ताकद कॅप्टनच्या शिट्टीपेक्षा डीजेच्या हातात असते. योग्य गाणं लावलं की लोक कठडा सोडतात. तरीही भाड्याच्या बोटीवर त्याची गणना केटररबरोबर होते. लाइफ जॅकेट कुठे आहेत, हे त्यालाही पाहुण्यांबरोबरच कळतं.

ऑगस्ट १९८९मध्ये लंडनच्या थेम्सवर ‘मार्शनेस’ ही पार्टीची बोट मध्यरात्रीनंतर एका ड्रेजरच्या, म्हणजे तळ उपसणाऱ्या जहाजाच्या, धडकेने बुडाली. वाढदिवसाची पार्टी चालू होती. ५१ जण दगावले. दोष संगीताचा नव्हता. दोन्ही बोटींवर पुरेशी टेहळणी नव्हती असं चौकशीत निघालं. पण बोट मिनिटभराच्या आत गेली, आणि सूचना द्यायला किती कमी वेळ मिळू शकतो ते त्यातून दिसतं. समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवर धोक्याचा इशारा म्हणजे सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि एक लांब. शंभर डेसिबलच्या रिमिक्समध्ये ते कोण मोजणार?

उपाय अगदी साधा आहे: कॅप्टनच्या हाताशी एक बटण, दाबलं की गाणं बंद आणि त्याचा माईक चालू. कायमच्या सिस्टीमला तशी तार जोडता येते. फिरता डीजे मात्र स्वतःची सिस्टीम घेऊन चढतो आणि ती बोटीच्या कुठल्याच तारेला जोडलेली नसते. समंजस डीजे बोट सुटण्याआधी कॅप्टनच्या केबिनमध्ये जाऊन ठरवून घेतो: डेकवरचे दिवे दोनदा विझले की फेडर खाली. ज्याने हे ठरवलेलं नसतं, त्याच्याकडे निरोप घेऊन खलाशाला नाचणाऱ्यांतून वाट काढत यावं लागतं, आणि पाहुण्यांना वाटतं, हाही नाचायलाच आलाय.