परदेशी जोडीदाराचे ओ.सी.आय. कार्ड : नुसता निकाहनामा पुरत नाही

लालबागच्या मसाला बाजारातील एका वाचकांनी आम्हाला विचारले आहे : मुलाचा निकाह केपटाऊनच्या कोकणी घराण्यातील मुलीशी झाला, वर्ष उलटले, सूनबाईंना दर खेपेस व्हिसासाठी धावावे लागते, कायमचा काही मार्ग आहे काय? असेच प्रश्न परळ-गिरगावहूनही येतात. आखात, आफ्रिका, विलायत येथे आपल्या लोकांचा रोजगार जुना, तशा सोयरिकीही जुन्या.

मार्ग आहे. सरकारने १९९९ साली पी.आय.ओ. कार्ड काढले, २००२ पासून ते १५ हजार रुपयांत १५ वर्षांसाठी मिळू लागले. २००५ मध्ये ओ.सी.आय. योजना आली आणि ९ जानेवारी २०१५ रोजी दोन्ही एकत्र झाल्या. आज नवा अर्ज फक्त ओ.सी.आय.चा करता येतो. हा आजन्म व्हिसा आहे. कितीही वेळा यावे, कितीही दिवस राहावे, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात हजेरी नाही. मात्र हा पासपोर्ट नव्हे आणि नागरिकत्वही नव्हे. प्रवासात परदेशी पासपोर्ट सोबत हवाच, आणि मताचा हक्क मिळत नाही. फी भारतात १५ हजार रुपये, परदेशात २७५ डॉलर.

नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ए प्रमाणे भारतीय नागरिकाच्या किंवा ओ.सी.आय. धारकाच्या परदेशी पती-पत्नीला हे कार्ड मिळते. अट अशी की विवाहाची नोंदणी झालेली असावी आणि अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला असावा. शिवाय सुरक्षा तपासणी होते. आपल्या लोकांचे घोडे अडते ते नोंदणीपाशी. काझीसाहेबांनी निकाहनामा हाती दिला की काम संपले, असा समज आहे. शरीयतप्रमाणे निकाह पुरा झाला यात शंका नाही. पण सरकारी खिडकीवर विवाह नोंदणीचा दाखला मागतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ही नोंदणी ९० दिवसांत करायची असते; उशीर झाल्यास दंड भरून करता येते. पती-पत्नी, काझी आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. लालबाग-परळकरांसाठी महापालिकेचे एफ दक्षिण कार्यालय, दादर पश्चिमेला जी उत्तर, गिरगावच्या बहुतेक भागाला नाना चौकातले डी विभाग कार्यालय. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्यावे. एका अक्षराच्या फरकाने महिने जातात.

नोंदणीचे मोल ठाण्याच्या एका प्रकरणात दिसले. एका मुस्लिम गृहस्थांनी अल्जेरियाच्या बाईंशी तिसरा निकाह केला. ठाणे महापालिकेने नोंदणी नाकारली : कायद्यात एकाच विवाहाची व्याख्या आहे, असे कारण. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की मुस्लिम पुरुषाला वैयक्तिक कायद्यानुसार एकाहून अधिक विवाह नोंदवता येतात. निकाल आमच्या बाजूचा म्हणून आनंद मानावा, पण तोवर त्या बाईंच्या पासपोर्टची मुदतही संपून गेली होती, हे विसरू नये.

कार्ड मिळाल्यावरही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जोडीदार म्हणून मिळालेले कार्ड विवाहाशी बांधलेले असते. न्यायालयाने वा अन्य रीतीने विवाह संपला, म्हणजे तलाक-खुलाही त्यात आले, तर सरकार ते रद्द करू शकते. नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांत त्याची प्रत आणि विवाह कायम असल्याचे निवेदन संगणकावरून भरावे. याला फी नाही. दुकानाचा गाळा किंवा राहते घर कार्डधारकाच्या नावे विकत घेता येते, शेतजमीन आणि फार्महाऊस नाही. तेव्हा गावाकडची कलमांची बाग सुनेच्या नावे घेण्याचा बेत करू नये. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार तबलीगच्या कामासाठी वेगळी परवानगी लागते. हे आमच्या अनेक बांधवांना ठाऊक नसते.

स्वतः किंवा आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील वा होते, तर हे कार्ड मिळत नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या पाकिस्तानी स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा हा वेगळा मार्ग आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हा व्हिसा त्यातून वगळला होता. ज्यांनी तो वेळेवर काढला नव्हता, त्यांना किती चिंता पडली असेल!

आता लालबागच्या वाचकांना उत्तर. सूनबाईंसाठी दोन वर्षे थांबण्यापूर्वी त्यांच्या आजोबा-पणजोबांची चौकशी करावी. केपटाऊनची कोकणी घराणी मूळ रत्नागिरी-कुलाब्याकडची. पणतूपर्यंतच्या वंशजाला स्वतःच्या हक्काने ओ.सी.आय. मिळते. त्याला दोन वर्षांची अट नाही, आणि विवाहाच्या बऱ्यावाईटाशी ते बांधलेलेही नाही. जुना भारतीय पासपोर्ट, शाळेचा दाखला, जन्मनोंद असे कागद आणि मधल्या पिढ्यांचे जन्मदाखले जुळवावे लागतील. गावच्या पेटीत बहुधा काहीतरी निघते. तोवर निकाहाची नोंदणी एफ दक्षिणमध्ये करून ठेवावी.