उद्यान विभाग आणि वस्तीतील तरुण : वागळे इस्टेटच्या अनुषंगाने

नागरी प्रशासनाच्या अभ्यासात उद्यान विभागाकडे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही. पाणी, मलनिःसारण आणि रस्ते यांच्यापुढे तो शोभेचा वाटतो, आणि कायद्यानेही त्याला तीच जागा दिली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये उद्याने व क्रीडांगणे यांची गणना महानगरपालिकेच्या बंधनकारक नव्हे, तर स्वेच्छाधीन कर्तव्यांत होते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (1992) बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख केला. तथापि जे कर्तव्य ऐच्छिक, त्यावरील खर्चाला कात्री प्रथम लागावी, हा अंदाजपत्रकाचा स्वभाव त्यामुळे बदलला नाही.

ठाण्यातील वागळे इस्टेट हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. ती आखली गेली कारखान्यांसाठी. कामगारांची घरे मात्र किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा भोवतालच्या भागांत, मिळेल तशी व मिळेल तेथे उभी राहिली. यंत्रांसाठी भूखंड मोजून दिले गेले. कामगारांच्या मुलांनी कोठे खेळावे हे मोजणे कोणाच्याही कामाचा भाग नव्हते. पुढे अनेक कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी संगणक-व्यवसायाची कार्यालये आली. वस्त्या दाटच राहिल्या. ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली 1982 साली, म्हणजे वसाहतीनंतर वीस वर्षांनी. मोकळ्या जागेचा बराचसा निकाल तोवर लागून गेला होता.

अशा ठिकाणी विभागप्रमुखाचे काम कोणते? आपल्याकडे हा अधिकारी बहुधा उद्यानविद्येचा जाणकार असतो, आणि 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने निर्माण केलेल्या वृक्ष प्राधिकरणाचा कारभारही याच खात्याशी निगडित असतो. त्यामुळे हिरवळ तुडवणारा तरुण त्याला सहजच उपद्रवी दिसतो. खेळांचे काम सामान्यतः दुसऱ्या विभागाकडे, सभागृहे व जागा भाड्याने देण्याचे तिसऱ्याकडे. किसननगरातील सोळा वर्षांच्या मुलीला सायंकाळी कबड्डीसाठी जागा हवी असेल, तर तिने अर्ज कोणाकडे करावा, हे तिला कोण सांगणार? बागेच्या फाटकावरील ‘खेळण्यास मनाई’ ही पाटी तेवढी तिला वाचता येते.

येथे मापाचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचना दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. दाट वस्तीत हा आकडा गाठणे जवळजवळ अशक्य; आणि गाठला तरी ती जागा कोणाला, कोणत्या वेळी मोकळी असते, हे त्यातून कळत नाही. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद, म्हणजे अवघे 130 चौरस मीटर असते. एवढ्या तुकड्यावर चांगले दिवे आणि पाळ्यांचे ठरलेले वेळापत्रक असेल, तर एका सायंकाळी तीन-चार गट खेळू शकतात, त्यांत मुलींचाही एक गट बसतो. म्हणून क्षेत्रफळाबरोबर तासांचा हिशेब ठेवणे अगत्याचे आहे. आम्स्टरडॅममध्ये 1947 ते 1978 या काळात आल्डो व्हान आयक या वास्तुशिल्पज्ञाने सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली. त्यांतील कितीतरी इमारतींमधील लहानशा रिकाम्या जागांवर होती, आणि आपल्या गल्लीतही क्रीडांगण व्हावे अशी रहिवाशांची पत्रे नगरपालिकेकडे येत असत. तेथील संपन्नता आपल्यापाशी नाही हे खरे. पण वाळूचा चौकोन आणि लोखंडी कमानी यांना संपन्नता लागत नाही.

तरुणांच्या ‘सहभागा’विषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. रॉजर हार्ट यांनी 1992 साली मांडलेल्या आठ पायऱ्यांच्या शिडीत खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणण्यास त्यांनी नकारच दिला आहे : मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नाममात्र उपस्थिती. वृक्षारोपणाच्या दिवशी टोप्या घालून उभी केलेली शाळकरी मुले कोणत्या पायरीवर येतात, हे वाचकांनीच ठरवावे. याउलट ठाण्यातच रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला ‘वंचितांचा रंगमंच’ पाहावा. समता विचार प्रसारक संस्थेबरोबरच्या या उपक्रमात वस्त्यांतील मुलेमुली स्वतःच्या आयुष्यातील विषय घेऊन स्वतःच नाटिका रचतात व सादर करतात. जाणकारांकडे काम उरते ते मार्गदर्शनाचे. हा उपक्रम महानगरपालिकेचा नव्हे. तथापि तालमीला जागा लागते, आणि ती देणे विभागप्रमुखाच्या आवाक्यातले आहे. मैदानाची किल्ली व पाळ्यांची वही स्थानिक गटाकडे सोपवणे, दुरुस्तीचा प्राधान्यक्रम त्यांना विचारून ठरवणे, आणि एखादी मागणी नाकारली तर कारण लेखी कळवणे, या गोष्टींना नवा कायदा लागत नाही. जबाबदारी कोणाची, या शंकेने अधिकारी कचरतात. ती शंका अगदीच निराधार नाही, म्हणून सोपवणूक लेखी व मुदतीची असावी.

किसननगरात समूह पुनर्विकास योजनेच्या कामाचा प्रारंभ 2023 मध्ये झाला. अशा योजनांना वर्षानुवर्षे लागतात, आणि आराखड्यातील क्रीडांगण इमारतींच्या पाठोपाठ येते. 2023 साली चौदा वर्षांचा असलेला मुलगा तोवर कमावता झालेला असेल. त्याच्या वाट्याला काही यावयाचे असेल, तर ते बांधकामाच्या काळातील तात्पुरत्या मैदानाच्याच रूपाने येऊ शकते.