जनसंज्ञापन अभ्यासक्रमातील स्वाध्याय व उपक्रम : आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

जनसंज्ञापन हा विषय शिकविणाऱ्या आपणा सर्वांचा एक समान अनुभव आहे. ‘वृत्तपत्राची कार्ये स्पष्ट करा’ किंवा ‘आकाशवाणीचे महत्त्व सांगा’ असा स्वाध्याय दिला की चाळीस वह्यांमध्ये एकच उत्तर येते. पूर्वी ते मार्गदर्शकातून उतरविले जाई, आता मोबाईलवरून उतरविले जाते. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच कुठेतरी तयार आहे, असा प्रश्न आपणच विचारलेला असतो. ज्याचे उत्तर मिळविण्यासाठी विद्यार्थ्याला बाजारात, बसस्थानकावर किंवा स्वतःच्या घरातील वडीलधाऱ्यांकडे जावे लागेल, असे स्वाध्याय कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे आदिलाबाद जिल्ह्यातील व आसपासची आहेत. इतर ठिकाणच्या प्राध्यापकांनी ती आपापल्या परिसराप्रमाणे बदलून घ्यावीत.

परिसर : एक वर्ग, अनेक भाषा

आदिलाबाद हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ साली तो आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणा राज्यात आला. २०१६ च्या पुनर्रचनेत जुन्या जिल्ह्यातून मंचेरियाल, निर्मल व कुमुरम भीम आसिफाबाद हे जिल्हे वेगळे झाले. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र आहे. परिणामी येथील एकाच वर्गात तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी व लंबाडी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. २०१७ साली उर्दूला संपूर्ण तेलंगणात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला. परंतु घरी गोंडी बोलणाऱ्या मुलीला वर्गात आपली भाषा ही अडचण वाटते, आणि मराठी बोलणारा मुलगा तेलुगू वृत्तपत्रापुढे गप्प बसतो. जनसंज्ञापनाच्या तासाला हीच अडचण भांडवल होऊ शकते.

उपक्रम पहिला : एक बातमी, तीन भाषा

विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटात शक्यतो तीन भाषा वाचणारे असावेत. एकाच दिवसाची एकच बातमी तेलुगू, उर्दू व मराठी वृत्तपत्रांतून कापून आणावी आणि तीन गोष्टी नोंदवाव्यात : बातमी कोणत्या पानावर आली, मथळ्यात कर्ता कोण आहे, आणि कोणाचे म्हणणे अवतरणात दिले आहे. सलग सात दिवस हे केले म्हणजे ‘वृत्तमूल्य’ ही संकल्पना व्याख्येवाचून समजते.

यानंतरचा टप्पा भाषांतराचा. उर्दू आणि मराठी शिकविणारा शिक्षक म्हणून यावर मी जरा अधिक वेळ देतो. मराठीत फारसी-अरबी शब्द विपुल आहेत, म्हणून उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी बातमी सोपी वाटते. धोका नेमका येथेच असतो. मराठीत ‘राजीनामा’ म्हणजे पदत्याग. उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे तडजोडीचा लेख, आणि पदत्यागाला ‘इस्तीफ़ा’ म्हणतात. ‘सरपंचाचा राजीनामा’ हा मथळा जसाच्या तसा उर्दूत नेला तर पद सोडणारा सरपंच कोणाशी तरी समेट करून मोकळा होतो! मराठीतील ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूतील ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत ‘तक्रार’ अर्जावर लिहितात. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे वादावादी. कापसाचा ‘हंगाम’ आणि उर्दूतील ‘हंगामा’ यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मराठी माणूस ‘शिकस्त’ करतो म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न करतो. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव.

अशा वीस शब्दांचा तक्ता प्रत्येक गटाने स्वतः तयार करावा. ‘शेतकऱ्यांची तक्रार’ चुकीने ‘शेतकऱ्यांचे भांडण’ होते तेव्हा गाऱ्हाणे मांडणारा माणूस वाचकाच्या मनात भांडखोर ठरतो, हे मुलांच्या ध्यानात आले की तक्त्याचे काम झाले.

उपक्रम दुसरा : मार्केट यार्डातील वार्तांकन

आदिलाबादचे मार्केट यार्ड कापसासाठी प्रसिद्ध आहे. खरेदी सुरू झाली की दरवर्षी ओलाव्यावरून वाद होतात. ‘शेतकरी संतप्त’ एवढी बातमी लिहिणे सोपे आहे. तो का संतप्त आहे हे सांगणे अवघड आहे. म्हणून यार्डात जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना हिशोब शिकवावा.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भावाच्या एक टक्का कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या वर महामंडळ माल घेत नाही. म्हणजे १२ टक्के ओलाव्याच्या कापसाला ३०० रुपये ८४ पैसे कमी होऊन ७,२२० रुपये १६ पैसे भाव बसतो. १३ टक्के ओलावा निघालेला शेतकरी खासगी व्यापाऱ्याच्या भावावर अवलंबून राहतो. एका टक्क्यात त्याच्या वर्षाचा हिशोब बदलतो.

यानंतर विद्यार्थ्याने यार्डात पुढील प्रश्न घेऊन जावे : मापक यंत्राने किती आकडा दाखविला? तो शेतकऱ्याला दाखविला का? गाडी किती वेळ उभी होती? पट्टीवर काय लिहिले आहे? शेतकरी, व्यापारी व अधिकारी या तिघांचेही म्हणणे वहीत आल्याशिवाय बातमी लिहू देऊ नये. शेतकऱ्याच्या संमतीवाचून त्याचे नाव वा छायाचित्र वापरू नये.

उपक्रम तिसरा : ऐकण्याचा स्वाध्याय

आकाशवाणीच्या आदिलाबाद केंद्राने तेलुगूबरोबर गोंडी भाषेतील कार्यक्रमही प्रसारित केले आहेत. विद्यार्थ्यांनी एक कार्यक्रम पूर्ण ऐकावा आणि त्यातील निवेदन, मुलाखत, संगीत व शांतता यांची मिनिटवार नोंद करावी. शांतताही नोंदवायची, हे मुद्दाम सांगावे लागते.

नंतर सामुदायिक रेडिओची ओळख करून द्यावी. हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची वाट २००२ च्या धोरणाने खुली झाली, तर स्वयंसेवी संस्थांना २००६ च्या धोरणाने. त्यानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील माचनूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा स्त्रियांचेही ज्ञान त्यातून प्रसारणयोग्य ठरले.

या पार्श्वभूमीवर प्रत्येक गटाने मोबाईलवर पाच मिनिटांचा कार्यक्रम घरच्या भाषेत ध्वनिमुद्रित करावा. बियाणे, बाजार, विहीर, लग्नातील रीत, कोणताही विषय चालेल. वर्गाला भाषा समजत नसेल तर दुसऱ्या विद्यार्थ्याने निवेदन करावे. गोंडी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. याच जिल्ह्यातील गुंजाला गावात जुनी हस्तलिखिते मिळाली, त्यांतील लिपी ‘गुंजाला गोंडी’ या नावाने ओळखली गेली, आणि २०१८ साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

उपक्रम चौथा : आकडा कोणाचा?

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावरील सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकडा १३ मृतांचा आहे. नागरी हक्क संघटना व स्थानिक लोक त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगत आले आहेत. विद्यार्थ्यांनी या घटनेवर शंभर शब्द लिहावेत. अट एकच : प्रत्येक आकड्यासोबत तो सांगणाऱ्याचे नाव हवे. ‘असे समजते’, ‘असे बोलले जाते’ हे प्रयोग वर्ज्य. गावातील वयस्कर माणसे बोलण्यास तयार असतील तरच त्यांच्याशी बोलावे. दुःख उकरून काढणे हे वार्तांकन नव्हे.

उपक्रम पाचवा : अफवेची तपासणी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भिक्षा मागण्यास आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात मोबाईलवर फिरणारी एक चित्रफीत मूळची कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडले जाते. तेवढाच भाग कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली.

स्वाध्याय असा : आलेल्या एका संदेशाबाबत पाच उत्तरे लिहावीत. हा प्रथम कोणी सांगितला? कधीचा आहे? कोठला आहे? काय कापले आहे? खोटा ठरल्यास इजा कोणाला होईल? शिक्षकांनी असा संदेश वर्गाच्या गटावर कदापि टाकू नये. कागदावर छापून दाखवावा. नाहीतर आपणच त्याचे प्रसारक होतो.

मूल्यमापन

२५ गुणांची पुढील विभागणी सुचवाविशी वाटते : क्षेत्रवही ८, अचूकता ८, भाषा ५ आणि दुरुस्ती ४. शेवटच्या चार गुणांविषयी काही सहकाऱ्यांना आश्चर्य वाटेल. विद्यार्थ्याने स्वतःची चूक शोधून भित्तीपत्रकावर आपल्या नावानिशी दुरुस्ती लावली तर हे गुण द्यावेत. चूक कबूल करणाऱ्यास गुण मिळतात हे कळले की मुले लपवाछपवी सोडतात.

ज्या मुलींना बाहेर पाठविण्यास घरचे तयार नसतात, त्यांच्यासाठी आकाशवाणी, भाषांतर व घरातील मुलाखत हे पर्याय समान गुणांचे ठेवावेत. ते दुय्यम समजू नयेत.

समारोप

हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. त्यांनी रझाकारांच्या विरोधात आणि संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले होते. वय तिशीच्या आत. आपल्या वर्गातील बहुतेक मुलांना हे नाव ठाऊक नसते. ते सांगावे; भीती घालण्यासाठी नव्हे, तर लिहिलेल्या शब्दाची किंमत कोणीतरी मोजलेली आहे हे कळावे म्हणून.

आपले सगळेच विद्यार्थी पत्रकार होणार नाहीत. बरेचजण दुकान, शेती, शाळा किंवा कचेरीत जातील. परंतु ओलाव्याचा आकडा विचारणारा, ‘तक्रार’ आणि ‘तकरार’ यांतील फरक ओळखणारा आणि हाती आलेला संदेश पुढे पाठविण्याआधी थांबणारा तरुण प्रत्येक गावाला हवा आहे. येत्या सत्रात यांपैकी एक जरी उपक्रम आपण घेतला, तरी चाळीस वह्यांत चाळीस वेगळी उत्तरे दिसतील.